झडपेचा आजार आणि ईसीजीचे भाकीत

हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या माणसाचा ईसीजी नीट वाचला, तर त्याच्या हृदयाची लय पुढे बिघडणार की नाही हे आधीच कळते, असे मत सध्या सर्वमान्य होऊ लागले आहे. वैद्यकीय परिषदांत ते सावधपणे मांडले जाते, आरोग्य-पुरवण्यांत ते ठळक होते, आणि तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांपर्यंत पोचेतो त्याचे एवढेच उरते: पट्टी चांगली आली, आता काळजी नाही. हे मत मला मान्य नाही. त्यात एक भाग पक्का आहे आणि तो मी पुढे मोकळेपणाने मान्य करणार आहे. पण मध्य भारतात ज्या आजारासाठी त्याचा सर्वाधिक वापर होईल, त्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या माइट्रल (वरच्या आणि खालच्या डाव्या कप्प्यांमधल्या) झडपेच्या बाबतीत ते टिकत नाही. ते खरे मानून चाललो तर रुग्णाचे नुकसान होते.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. त्याचे तीन आधार आहेत. पहिला जुना आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झडपेच्या रुग्णांतील पी लहरीचे मोजमाप प्रसिद्ध केले. पी लहर म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांतून वीज पसरताना पट्टीवर उमटणारा छोटा उंचवटा. वरचा डावा कप्पा ताणला की ही लहर रुंद होते, दुसऱ्या लीडमध्ये (लीड म्हणजे पट्टीची हृदयाकडे पाहण्याची एक दिशा) तिला दोन शिखरे येतात, आणि व्ही-वन लीडमध्ये तिचा शेवटचा भाग खाली खोल जातो. ताणलेला, चट्टे पडलेला कप्पाच पुढे थरथरू लागतो. मग लहर जितकी रुंद तितका धोका मोठा, असा हा तर्क. दुसरा आधार माइट्रल झडपेची पाने मागे लोंबण्याच्या आजारातला, म्हणजे प्रोलॅप्समधला. त्यात अचानक मृत्यू आलेल्या तरुणांच्या पट्ट्यांवर खालच्या लीडमध्ये टी लहर, म्हणजे ठोक्यानंतर खालचे कप्पे पूर्ववत होताना उमटणारी लहर, उलटी दिसते. तिसरा आधार सर्वांत नवा आणि सर्वांत प्रभावी. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने दाखवले की १,८०,९२२ रुग्णांच्या सुमारे साडेसहा लाख पट्ट्यांवर काम केलेला संगणक, पट्टीवर लय पूर्ण नियमित असतानाही, या माणसाला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, आहे की नाही हे दर शंभरांत एकोणऐंशी वेळा बरोबर सांगतो. डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राला दिसते, ही गोष्ट कोणालाही थक्क करील. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता हे सारे जबलपुरात आणून पाहू. इथले नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय १९५५ सालचे. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, कटनी आणि थेट गोंदियाच्या सीमेला लागलेले बालाघाट, एवढ्या मोठ्या मुलखाचा रुग्ण मोठ्या उपचारासाठी एक तर इथे येतो, नाही तर नागपूरला जातो. डिंडोरीला रेल्वे नाही. तिथून माणूस बसने चार-पाच तासांचा रस्ता कापून येतो. आणि या मुलखातला झडपेचा रुग्ण मेयो क्लिनिकच्या रुग्णासारखा साठीचा नसतो. लहानपणी घसा दुखला, काही आठवड्यांनी सांधे सुजले, ताप आला आणि गेला. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूशी लढताना शरीराने आपल्याच झडपेवर हल्ला केला, आणि पुढची काही वर्षे ती झडप जाड, चिकटलेली, अरुंद होत गेली. आफ्रिकेतले बारा देश, भारत आणि येमेन यांतल्या ऱ्हुमॅटिक हृदयरुग्णांची ‘रेमेडी’ नावाची मोठी नोंदवही २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या ३,३४३ रुग्णांचे मधले वय होते अवघे २८, आणि दर तिघांत दोन बायका होत्या. हा आजार भारतात तरुणांना, अगदी किशोरांनाही गाठतो, हे त्याच्या कितीतरी आधी, १९६३ साली, दिल्लीच्या सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच मांडले होते. विशीच्या आतल्या मुलांत माइट्रल झडप एवढी अरुंद झालेली पाश्चात्त्य डॉक्टरांनी क्वचितच पाहिली होती.

रॉय यांच्या त्या निरीक्षणात माझ्या प्रतिपादनाचे मूळ आहे. या मुलांची झडप अतिशय अरुंद असते, वरच्या डाव्या कप्प्यातला दाब फार वाढलेला असतो, पण लय बहुधा नियमित असते. त्यांची पी लहर रुंद आणि दोन शिखरांची असते, तरी त्यांना फिब्रिलेशन नसते आणि पुढची दहा वर्षेही कदाचित होणार नसते. उलट पंचेचाळिशीतल्या बाईची झडप मध्यमच अरुंद असते आणि तिची लय बिघडून जाते. वय, कप्प्याचा आकार, कप्प्याने दाब सोसलेली वर्षे आणि त्याच्या भिंतीत ऱ्हुमॅटिक दाहाने टाकलेले व्रण, या सगळ्यांची बेरीज होऊन लय बिघडते. पी लहर या बेरजेतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र मिसळून दाखवते आणि कोणती किती हे सांगत नाही. कप्पा नुसता मोठा असला तरी ती रुंदावते, वीज मंद वाहत असली तरी रुंदावते. मॉरिस यांचे मोजमाप वरच्या डाव्या कप्प्यावर झडपेचा भार पडला आहे का हे ओळखण्यासाठी होते, आणि त्या कामासाठी ते आजही उत्तम आहे. त्याला भविष्य वाचायला आपण नंतर बसवले.

मोजण्याच्या अडचणीकडेही पाहायला हवे, कारण तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. आपल्याकडची पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकते. म्हणजे कागदावरचा एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. ज्यांची लय पुढे बिघडली आणि ज्यांची बिघडली नाही अशा दोन गटांतल्या पी लहरीच्या सरासरी रुंदीचा फरक अनेकदा दहा-वीस मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे अर्ध्या चौकोनाचा किंवा त्याहूनही कमी. लहर कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याविषयी दोन अनुभवी डॉक्टरांचे मत यापेक्षा जास्त वेगळे पडू शकते. यंत्राची शाई फिकी, रुग्ण थंडीने थोडा कुडकुडणारा, छातीवरचे इलेक्ट्रोड एक फासळी वर लागलेले, एवढ्याने सगळा हिशेब बदलतो. व्ही-वनचा इलेक्ट्रोड वर सरकला तर पी लहरीचा खालचा भाग आपोआप खोल दिसतो आणि निरोगी माणूसही धोक्याच्या गटात जाऊन बसतो.

याच कुळातला आणखी एक आकडा १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून लोकप्रिय झाला: बाराही लीडमधली सर्वांत रुंद पी लहर वजा सर्वांत अरुंद पी लहर. या फरकाला डिस्पर्शन म्हणतात, आणि माइट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांवर त्याचे कितीतरी अभ्यास झाले. कल्पना अशी की हृदयाच्या वेगवेगळ्या भागांत वीज वेगवेगळ्या वेगाने वाहते आणि हा फरक ती विषमता दाखवतो. पण भूमिती लक्षात घेतली तर ही कल्पना ढासळते. वीज सगळ्या लीडसाठी एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. लीड म्हणजे तिच्याकडे पाहण्याच्या बारा दिशा. एखाद्या लीडच्या दिशेला विजेचा सुरुवातीचा किंवा शेवटचा प्रवाह काटकोनात असला, तर तेवढा भाग त्या लीडमध्ये सपाट दिसतो आणि लहर आखूड वाटते. म्हणजे या फरकाचा मोठा भाग पाहण्याच्या कोनातून जन्मतो, हृदयाच्या भिंतीतून नव्हे. पट्टीवरच्या क्यूटी या दुसऱ्या एका अंतराच्या बाबतीत हाच खेळ आधी झाला होता: १९९०च्या दशकात क्यूटी डिस्पर्शनवर शेकडो निबंध निघाले, मग याच आक्षेपामुळे त्याचा बहर ओसरला. पी लहरीच्या बाबतीत तोच आक्षेप लागू असूनही त्याकडे काणाडोळा होतो, याचे मला वाईट वाटते. आकडा काढायला सोपा असतो, निबंध लवकर होतो, आणि जिल्ह्यातल्या डॉक्टरला शेवटी असा आकडा मिळतो की ज्याच्या भरवशावर तो काहीच करू शकत नाही.

आता संगणकाकडे येऊ. मेयोच्या अभ्यासाचा निष्कर्ष लोक जसा सांगतात तसा तो नाही. यंत्राला शिकवताना ज्यांच्या कोणत्यातरी पट्टीवर फिब्रिलेशन नोंदले गेले होते त्यांच्या नियमित लयीच्या पट्ट्या दिल्या होत्या, आणि त्या पट्ट्या पहिल्या नोंदीच्या एक महिना आधीपासूनच्या होत्या. म्हणजे यंत्र बहुतांशी हे ओळखत होते की या माणसाला हा आजार आहे, फक्त आत्ता या क्षणी पट्टीवर दिसत नाही. ही फार मोलाची गोष्ट आहे. पण हे लपलेल्या वर्तमानाचे निदान झाले; पाच वर्षांनंतरच्या धोक्याचे भाकीत वेगळे. त्याच गटाने पुढे ओल्मस्टेड काउंटीतल्या वयस्कर लोकांवर खऱ्या अर्थाने भविष्याची कसोटी घेतली, तेव्हा यंत्राची अचूकता वय, उंची, वजन, रक्तदाब, धूम्रपान अशा साध्या माहितीवर चालणाऱ्या जुन्या गणिताएवढीच निघाली. दोन्ही मिळून थोडी वाढली. हे त्यांनी प्रामाणिकपणे छापले आहे; त्याचा गाजावाजा मात्र झाला नाही.

आणि तो ७९ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा जबलपुरात वापरला तर काय होईल? यंत्र इथल्या तरुण, ऱ्हुमॅटिक झडपेच्या हृदयावरही तितकेच चालते असे क्षणभर धरू, जरी ते धरायला कसलाही आधार नाही. समजा गावात सरसकट तपासणी केली आणि शंभरात एकाला लपलेले फिब्रिलेशन आहे. दहा हजारांत शंभर. यंत्र त्यातले ७९ पकडेल, आणि उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी दोन हजारांहून थोड्या अधिक जणांना उगाच धोक्यात सांगेल. ज्यांना धोका सांगितला त्यांच्यात सत्तावीसमागे एकच खरा. आता उलट टोक घेऊ: माइट्रल झडपेच्या रुग्णांचा दवाखाना, आणि समजा हजारांत तीनशे जणांना लपलेले फिब्रिलेशन आहे. यंत्र २३७ पकडेल, ६३ सोडून देईल. ‘तुम्हाला काही नाही’ असे ते सुमारे सहाशेवीस जणांना सांगेल, आणि त्यातल्या त्या ६३ जणांना खरोखर आजार असेल. निर्धास्त करून घरी पाठवलेल्या दहांतला एक. एकच यंत्र, एकच अचूकता. गावात ते घबराट पसरवते आणि दवाखान्यात खोटा दिलासा देते. पट्टी चांगली आली म्हणजे काळजी नाही, हे वाक्य ज्या रुग्णाला सर्वांत सहज ऐकवले जाते, त्याच्याच बाबतीत ते सर्वांत घातक ठरते.

प्रोलॅप्सबद्दलचा आधारही तपासायला हवा. इटलीतल्या पादुआच्या क्रिस्टिना बासो आणि सहकाऱ्यांचे २०१५ सालचे काम यातले सर्वांत महत्त्वाचे. चाळिशीच्या आत अचानक मेलेल्या ६५० तरुणांपैकी ४३ जणांत प्रोलॅप्स हे कारण दिसले. त्यांच्या हृदयांत झडपेला धरून ठेवणाऱ्या स्नायूंत आणि खालच्या भिंतीत व्रण होते. हे विकृतिशास्त्राचे अव्वल दर्जाचे काम आहे. पण उलट्या टी लहरीचा पुरावा किती जणांवरचा? जिवंतपणी काढलेली पट्टी फक्त १२ जणांची मिळाली, त्यातल्या १० जणांत ती दिसली. मेलेल्यांत ही खूण वारंवार दिसली, म्हणून खूण असलेला मरणार असे ठरत नाही. तसे ठरवायला खूण असून वर्षानुवर्षे धडधाकट राहिलेल्यांची मोजणी हवी. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या वस्तीत प्रोलॅप्स २.४ टक्के लोकांत आढळला होता. एवढ्या मोठ्या गटात उलट्या टी लहरीची माणसे खूप असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही होत नाही. म्हणून २०२२ सालच्या युरोपीय तज्ज्ञांच्या मतपत्रात ईसीजीची खूण एकटी उभी नाही. चक्कर, बेशुद्धीचा इतिहास, दिवसभर लय नोंदवणाऱ्या होल्टरवर दिसणारे जादा ठोके, इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, झडपेच्या कड्याचे सुटणे आणि एमआरआयमध्ये दिसणारा व्रण या साऱ्यांसोबत ती उभी आहे. व्रण अगदी लहान असतो. बारा लीडच्या पट्टीला तो बहुधा दिसतच नाही.

इथे मी माझी कबुली देतो, कारण तिच्याशिवाय हे खंडन अपुरे राहील. झडपेच्या आजारात ईसीजी भविष्य उत्तम सांगतो असे एक ठिकाण आहे. महाधमनीची झडप वयाने कॅल्शियम साचून घट्ट होते, आणि हल्ली मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप आत बसवतात. २००२ साली फ्रान्सच्या रूआँमध्ये अलँ क्रिबिए यांनी ही पद्धत पहिल्यांदा माणसावर वापरली. या उपचारानंतर कोणाला बॅटरी, म्हणजे पेसमेकर, बसवावी लागेल हे सांगणाऱ्या खुणांत सर्वांत भक्कम खूण म्हणजे आधीच्या पट्टीवरचा उजव्या शाखेचा अडथळा. कारण अगदी सरळ आहे. हृदयातली वीज खाली नेणाऱ्या दोन शाखांपैकी डावी झडपेला अगदी लागून जाते. उजवी आधीच बंद, नव्या झडपेच्या चौकटीने डावीवर दाब दिला, की दोन्ही वाटा बंद. इथे पट्टी त्याच वीजवाहक तंतूंच्या जाळ्याची अवस्था दाखवते ज्याला उद्या इजा होणार आहे. म्हणून ती बरोबर ठरते.

यातूनच माझा मुद्दा नेमका होतो. ज्या ऊतीला धक्का बसणार तिचीच वीज पट्टी सरळ नोंदवत असेल, तर भाकीत चालते. बिघाडाचे मूळ पट्टीच्या नजरेबाहेर असेल तर ते चालत नाही, मग यंत्र कितीही हुशार असो. अरुंद माइट्रल झडपेत ते मूळ झडपेच्या छिद्रात असते, दाबात असते, वयात असते आणि दाहात असते. निरोगी माइट्रल झडपेचे छिद्र चार ते सहा चौरस सेंटिमीटर. दीड किंवा त्याखाली आले की आजार गंभीर समजतात. हा आकडा टू-डी इको देतो. पट्टी तो देऊ शकत नाही.

माझा दुसरा आक्षेप पहिल्याहून मोठा आहे आणि तो भाकीत बरोबर ठरले तरी लागू पडतो. या आजारात रुग्णाला मारणारी गोष्ट नेहमी लय बिघडणे हीच असते असे आपण न तपासता धरून चालतो. डिंडोरीतली चोवीस वर्षांची गरोदर बाई घ्या, जिला आपली झडप अरुंद आहे हे माहीतच नाही. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि नाडी मिनिटाला दहा ते वीस ठोक्यांनी वाढते. ठोके वाढले की हृदय सैल पडून भरण्याचा वेळ आक्रसतो, आणि अरुंद झडपेतून रक्त खाली उतरायला नेमका तोच वेळ लागतो. अरुंद छिद्रातून प्रवाह दुप्पट झाला तर दाबातला फरक चौपट होतो. मग एखाद्या रात्री वरच्या डाव्या कप्प्यातला दाब मागे फुप्फुसात जातो, पाणी भरते, बाईला आडवे होता येत नाही, खोकल्यात गुलाबी फेस येतो. या सगळ्या वेळात तिची लय संपूर्ण नियमित असू शकते. सातव्या महिन्यात काढलेल्या पट्टीवर पी लहर रुंद दिसली आणि कोणी तिला फिब्रिलेशनचा धोका कमी-जास्त सांगितला, तर त्या सांगण्याचा तिला काय उपयोग? तिला हवा होता गरोदरपणाच्या सुरुवातीला छातीला लावलेला स्टेथोस्कोप, एक इको आणि वेळेवर फुग्याने उघडलेली झडप. फुग्याची ही पद्धत जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि भारतात ती मोठ्या प्रमाणावर रुळली आहे. उपचार आहे, कसब आहे, आणि कमी आहे ती पहिल्या इकोपर्यंत पोचण्याची वाट.

लय बिघडणे या आजारात क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. फिब्रिलेशन ओळखले गेले तेच मुळी या आजाराच्या रुग्णांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या बर्नली गावचे डॉक्टर जेम्स मॅकेंझी माइट्रल झडपेच्या रुग्णांना वर्षानुवर्षे स्वतः तपासत राहिले. नाडी कायमची अनियमित झाली की मानेच्या शिरेतली एक लाट नाहीशी होते आणि झडपेचा एक विशिष्ट आवाजही जातो, हे त्यांनी टिपले. वरचा कप्पा काम करेनासा झाला आहे हे त्यांनी त्यावरून ताडले. १९०९ साली टॉमस लुइस यांनी आइन्थोव्हेन यांच्या यंत्राने त्यामागची वीज दाखवली. मॅकेंझींना हे एका पट्टीमुळे कळले नाही. तोच रुग्ण, तोच डॉक्टर, तीच नाडी, पुन्हा पुन्हा पाहिल्याने कळले.

फिब्रिलेशन आले की काय होते हेही स्पष्ट आहे. वरचा कप्पा नुसता थरथरतो, त्यात रक्त साकळते, गुठळी मेंदूत जाते. फ्रॅमिंगहॅमच्या १९७८ सालच्या अभ्यासात झडपेचा आजार नसताना फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका साडेपाच पटीहून थोडा अधिक होता. ऱ्हुमॅटिक झडप असताना साडेसतरा पट. म्हणून अशा रुग्णाला रक्त पातळ करण्याची गोळी द्यायची की नाही यासाठी गुणांची बेरीज करत बसायची नसते. सर्व मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती द्यायचीच. आणि कोणती द्यायची हेही २०२२ साली ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने ठरवून दिले. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतले साडेचार हजार रुग्ण, सरासरी वय पन्नास, चारांत जवळपास तीन बायका. रिव्हरॉक्सबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉर्फरिनच्या जुन्या कुळातली गोळी श्रेष्ठ ठरली. मृत्यू कमी झाले आणि रक्तस्राव वाढला नाही. म्हणजे उत्तर आपल्या हातात आहे, आणि ते स्वस्तही आहे. अडचण पुढे आहे. त्या गोळीला आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे सांगणारी, रक्ततपासणी पुन्हा पुन्हा लागते. ‘रेमेडी’च्या नोंदवहीत गोळी घेणाऱ्यांपैकी फक्त २८ टक्के रुग्णांचा आयएनआर योग्य मर्यादेत होता. ‘इन्व्हिक्टस’मध्येही सुरुवातीला तो एक-तृतीयांश लोकांचाच होता, नियमित पाठपुरावा सुरू झाल्यावर साठ टक्क्यांच्या आसपास गेला. हाती असलेला उपचारच तिघांतल्या दोघांपर्यंत नीट पोचत नाही, आणि आपण चर्चा करतो ती उद्या आजार कोणाला होईल याची.

पूर्वपक्ष इथे म्हणेल: पण धोका आधी कळला तर गोळी आधी सुरू करता येईल. तर याला पुरावा नाही. पी लहर रुंद आहे एवढ्यावरून नियमित लयीच्या रुग्णाला रक्त पातळ करण्याची गोळी द्यावी असे कोणतेही मार्गदर्शन सांगत नाही. ती दिली जाते ती आधी गुठळी झाली असेल, कप्प्यात गुठळी दिसत असेल, किंवा इकोवर कप्पा फार मोठा आणि रक्त धुरकट दिसत असेल तर. म्हणजे निर्णय पुन्हा इकोवर येतो. पूर्वपक्षाचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डेन्मार्कच्या ‘लूप’ चाचणीत, २०२१ साली, सहा हजार वयस्करांपैकी काहींच्या त्वचेखाली सतत लय नोंदवणारे यंत्र बसवले. फिब्रिलेशन त्यांच्यात बारा टक्क्यांऐवजी बत्तीस टक्के लोकांत सापडले, गोळ्या वाढल्या, तरी पक्षाघात लक्षणीय कमी झाले नाहीत. मग फिब्रिलेशन शोधून तरी काय साधणार, असे विचारता येईल. उत्तर असे की त्या डॅनिश लोकांची झडप चांगली होती, आणि त्यांच्यात सापडलेले बरेचसे तुकडे अल्पकाळाचे होते. साडेपाच आणि साडेसतरा यांतला फरक इथे निर्णायक आहे. अरुंद माइट्रल झडपेमागे साकळलेल्या रक्ताला फिब्रिलेशनची जोड मिळणे ही वेगळीच घटना आहे, आणि ती वेळीच पकडणे हे या मुलखातल्या डॉक्टरचे पहिले काम आहे.

ते काम करायला भाकीत लागत नाही, पुनःपुन्हा पाहणे लागते. ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून हे रुग्ण दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायला जवळच्या आरोग्य केंद्रात जातात, निदान जायला हवे असते. सुई टोचणाऱ्या नर्सताईंनी त्या वेळी पूर्ण एक मिनिट मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहिली, आणि ती बेताल लागली तर तिथेच ईसीजी काढला, तर वर्षाला सतराएक वेळा लय तपासली जाईल. जबलपूरला एकदा येऊन काढलेल्या सर्वांत चांगल्या पट्टीपेक्षा, आणि तिच्यावर चालवलेल्या सर्वांत हुशार यंत्रापेक्षा, हे अधिक पकडेल असे मी ठामपणे म्हणतो. फिब्रिलेशन आधी येते-जाते आणि मग मुक्काम ठोकते; एकाच दिवशी पाहणाऱ्याला ते चुकते, वारंवार पाहणाऱ्याला ते सापडते. संगणकाला इथे जागा आहेच: तालुक्याच्या ठिकाणी काढलेली पट्टी वाचायला हृदयतज्ज्ञ नसतो, तिथे यंत्राने ‘ही लय आत्ता बिघडलेली आहे’ एवढे खात्रीने सांगितले तरी फार मोठे काम होईल. ते काम यंत्र उत्तम करते.

भाकिताच्या दाव्याची खरी कसोटी घ्यायची असेल तर ती घेण्याची जागाही इथेच आहे. जबलपूरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था १९८४ पासून मंडला-डिंडोरीच्या वस्त्यांत मलेरिया, सिकल सेल आणि फ्लोरोसिसवर काम करते आहे. गावपातळीवर वर्षानुवर्षे पाठपुरावा कसा ठेवायचा हे तिला माहीत आहे. ऱ्हुमॅटिक माइट्रल झडपेचे, नियमित लयीचे रुग्ण घ्यावेत. ईसीजी कागदावर न मोजता त्याचा मूळ डिजिटल संकेत जपावा. पहिल्याच दिवशी इकोने छिद्राचे आणि वरच्या डाव्या कप्प्याचे माप घ्यावे. दर तीन आठवड्यांनी नाडी पाहावी, आणि फिब्रिलेशनबरोबर पक्षाघात, फुप्फुसात पाणी भरणे, बाळंतपणातले मृत्यू हेही मोजावेत. मग एकच प्रश्न विचारावा: वय आणि कप्प्याचा आकार हे दोन आकडे हाती असताना पी लहरीने किंवा संगणकाने त्यांत नवी माहिती किती घातली? या प्रश्नाचे उत्तर पूर्वपक्षाच्या बाजूने आले तर मी माझे मत बदलीन. ते येईपर्यंत जिल्ह्याला मिळणारा पैसा भाकीत करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्यावर खर्च न करता बोटाच्या टोकाच्या रक्तावर आयएनआर सांगणाऱ्या छोट्या यंत्रांवर आणि त्यांच्या पट्ट्यांवर खर्च व्हावा, आणि ती यंत्रे जबलपुरात न ठेवता डिंडोरीत ठेवावीत.